कॉन्फिगर म्हणतं ‘हो’, कंपायलर म्हणतो ‘नाही’: फ्लॅगच्या फसव्या तपासण्या कशा शोधायच्या

कंपायलरला (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) अमुक फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, चालतो का, हे बिल्ड सुरू होण्याआधी तपासणारा कॉन्फिगर स्क्रिप्टमधला तुकडा माझ्याकडे पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येतो. प्रकल्प वेगळे असतात, कंपायलर वेगळे असतात, पण दोष मात्र तेच ते मोजके. म्हणून मी ज्या क्रमाने शोध घेतो तो क्रमच इथे लिहून ठेवतो आहे. आधी फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या गोष्टी, नंतर मेहनतीच्या.

फ्लॅग, कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन रूपातच टाइप करायची. फ्लॅगच्या सुरुवातीला ‘डब्ल्यू’ असेल तर तो बहुधा वॉर्निंगशी संबंधित, ‘एफ’ असेल तर कोड कसा तयार व्हावा याच्याशी आणि ‘एम’ असेल तर प्रोसेसरशी.

लक्षणं

खालीलपैकी एखादी गोष्ट दिसत असेल तर पुढचं वाचा.

– कॉन्फिगर करताना फ्लॅगसमोर ‘यस’ आलं, पण मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) चालवल्यावर प्रत्येक फाइलला ‘अननोन वॉर्निंग ऑप्शन’ अशी ओळ येते. शंभर फाइली असल्या तर शंभर वेळा.

– याच्या उलट: सगळ्याच फ्लॅगना ‘नो’. अगदी -डब्ल्यूऑलसारखा सर्वांना माहीत असलेला फ्लॅगसुद्धा नाकारला जातो. बरेचदा सोबत नेहमीची फंक्शन्सही ‘सापडली नाहीत’ असं दिसतं.

– सगळ्या फाइली कंपाइल होतात आणि अगदी शेवटी, लिंकिंगच्या (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवण्याच्या) वेळी, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो.

– कंपायलर बदलला, आवृत्ती वाढवली, तरी कॉन्फिगरची उत्तरं जुनीच.

– बिल्ड व्यवस्थित होतं, पण तयार झालेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशिनवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतो.

– कॉन्फिगर मध्येच ‘सिंटॅक्स एरर’ देऊन थांबतं आणि त्या ओळीवर एएक्स_ ने सुरू होणारं मोठ्या अक्षरांतलं नाव दिसतं.

आणखी एक लक्षण आहे, ते सहजी दिसत नाही आणि म्हणूनच त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बिल्ड पूर्ण होतं, एकही एरर नसते, पण प्रोग्रॅममधून एखादी सोय किंवा सुरक्षेचं एखादं कवच गायब झालेलं असतं. तपासणीने चुकून ‘नो’ म्हटलं, स्क्रिप्टने गुपचूप पर्यायी मार्ग घेतला आणि कुणाला पत्ता लागला नाही. त्यामुळे बिल्ड यशस्वी झालं म्हणजे तपासण्या बरोबर होत्या असं धरून चालू नका.

तपासणी मुळात करते काय?

स्क्रिप्ट कंपायलरला ‘तुला हा फ्लॅग कळतो का’ असं विचारूच शकत नाही. ती एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिते (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनात त्या फाइलचं नाव कॉन्फटेस्ट.सी), तो त्या फ्लॅगसकट कंपाइल करून पाहते आणि कंपायलरचा एक्झिट कोड बघते. शून्य आला तर ‘यस’, दुसरं काही आलं तर ‘नो’. एवढंच.

सगळे दोष इथूनच निघतात. शून्य एक्झिट कोडचा अर्थ ‘फ्लॅग समजला’ असा नसतो, ‘कंपाइल करणं थांबवलं नाही’ इतकाच असतो. कंपायलर फ्लॅग न समजता, नुसती वॉर्निंग देऊन पुढे गेला असेल. आणि शून्य आला नाही म्हणजे फ्लॅगच वाईट असंही नाही. चिमुकल्या प्रोग्रॅममध्येच काही खटकलं असेल. म्हणून कुठलीही तपासणी हातात घेतली की मी पहिल्यांदा हे बघतो की तिला गरज पडल्यास ‘नाही’ म्हणता येतं का. जी तपासणी काहीही दिलं तरी ‘हो’च म्हणते, तिच्या ‘हो’ला किंमत नाही.

१. लॉग उघडा

स्क्रीनवर दिसतं ते फक्त उत्तर. ते कशावरून काढलं, हे लॉगमध्ये असतं. ऑटोकॉन्फच्या प्रकल्पात बिल्ड फोल्डरमधली कॉन्फिग.लॉग ही फाइल. सीमेक आणि मेसॉन ही अशीच दुसरी बिल्ड साधनं. सीमेकमध्ये ३.२६ आवृत्तीपासून सीमेकफाइल्स फोल्डरातली सीमेककॉन्फिगरलॉग.यामल, त्याआधी त्याच फोल्डरात सीमेकआउटपुट.लॉग आणि सीमेकएरर.लॉग अशा दोन फाइली असायच्या. मेसॉनमध्ये मेसॉन-लॉग्ज फोल्डरातली मेसॉन-लॉग.टीएक्सटी.

कॉन्फिग.लॉग शेवटापासून वाचू नका. शेवटी नुसत्या व्हेरिएबलच्या याद्या असतात आणि त्यात माणूस हरवतो. फाइलमध्ये थेट फ्लॅगचं नाव शोधा. एका तपासणीचा मजकूर साधारण असा असतो: पहिली ओळ ‘चेकिंग व्हेदर सी कंपायलर अ‍ॅक्सेप्ट्स…’, त्याखाली कंपायलरला दिलेली संपूर्ण कमांड, त्याखाली कंपायलर जे काही बोलला ते, मग डॉलर-प्रश्नचिन्ह बरोबर शून्य किंवा एक, आणि शेवटी ‘रिझल्ट’. तपासणी नापास झाली असेल तर ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ असं म्हणून तो चिमुकला प्रोग्रॅमही प्रत्येक ओळीआधी उभी रेघ देऊन छापलेला असतो.

या पाच-सात ओळींत चार गोष्टी वाचा. कमांडमध्ये कंपायलर कुठला आहे. तुमच्या फ्लॅगशिवाय आणखी कुठले फ्लॅग सोबत गेले आहेत. कंपायलरचा संदेश नेमक्या कोणत्या गोष्टीबद्दल आहे. आणि संदेश असूनही एक्झिट कोड शून्य आहे का. ‘संदेश आहे, पण कोड शून्य’ हे दृश्य दिसलं की दोष जवळपास सापडलाच. थेट पाचव्या पायरीवर जा. ‘संदेश आहे, पण तो आपल्या फ्लॅगबद्दल नाहीच’ असं असेल तर चौथी पायरी. कमांडची ओळच सापडली नाही आणि उत्तरापुढे ‘कॅश्ड’ लिहिलं असेल तर दुसरी.

लोक ही पायरी वगळतात आणि फोरमवर सापडलेले फ्लॅग एकामागून एक घालून बघतात. तसं करू नका. कारण लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

२. जुनी उत्तरं पुसा

तपासण्यांना वेळ लागतो म्हणून उत्तरं साठवून ठेवली जातात. कॉन्फिगर -सी (मोठ्या अक्षरातला सी) पर्यायाने चालवलं असेल तर कॉन्फिग.कॅशे या फाइलमध्ये, सीमेकमध्ये सीमेककॅशे.टीएक्सटीमध्ये. सीमेक हे कायमच करतं, त्यासाठी वेगळं सांगावं लागत नाही. फ्लॅगची तपासणी एकदा झाली की ते व्हेरिएबल कॅशेत असेपर्यंत पुन्हा होतच नाही. तपासणीचा कोड दुरुस्त करूनही उत्तर बदलत नसेल तर बहुधा हेच कारण.

कॅशेमधली एक ओळ खोडण्यापेक्षा नव्या, रिकाम्या फोल्डरात बिल्ड सुरू करणं सोपं आणि खात्रीचं. सीमेक ३.२४ पासून --फ्रेश हा पर्याय आहे, मेसॉनमध्ये सेटअपला --वाइप. ऑटोकॉन्फवाल्यांनी कॉन्फिग_साइट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही बघावं. ते एखाद्या फाइलकडे निर्देश करत असेल तर प्रत्येक नव्या फोल्डरातही तीच आधी ठरवलेली उत्तरं येत राहतात.

सीमेकमध्येच आणखी एक खोड नेहमी दिसते. चेक_सी_कंपायलर_फ्लॅगला फ्लॅग आणि उत्तर ठेवायचं व्हेरिएबल अशा दोन गोष्टी द्याव्या लागतात. कॉपी-पेस्ट करताना फ्लॅग बदलला जातो, व्हेरिएबलचं नाव तसंच राहतं. मग दुसऱ्या फ्लॅगची तपासणी होतच नाही. पहिल्याचंच उत्तर त्याच्या नावावर खपतं. प्रत्येक फ्लॅगला स्वतःचं व्हेरिएबल हवं.

३. कंपायलर खरंच तोच आहे का?

लॉगमध्ये जी कमांड दिसली तिच्यापुढे --व्हर्जन लावून चालवा. नावावर विश्वास ठेवू नका. जीसीसी आणि क्लँग हे दोन वेगळे कंपायलर, पण मॅकओएसवर डेव्हलपर टूल्ससोबत येणारी जीसीसी ही कमांड प्रत्यक्षात क्लँग असते. सीसी हे (कंपायलर ठरवणारं) व्हेरिएबल कुठल्याशा शेल प्रोफाइलमध्ये कधीकाळी ठेवलेलं असतं. मध्ये सीकॅशेसारखा रॅपर (कंपायलरच्या पुढे उभा राहून त्याला बोलावणारा प्रोग्रॅम) असतो, किंवा वितरकाने स्वतःचे फ्लॅग घालणारी स्क्रिप्ट ठेवलेली असते.

जे प्रकल्प फ्लॅग प्रत्यक्ष न तपासता ‘जीसीसी अमुक आवृत्तीच्या पुढे असेल तर हा फ्लॅग लाव’ असं ठरवतात, त्यांची इथे हमखास फसगत होते. क्लँग जीसीसीशी सुसंगत राहावं म्हणून स्वतःची ओळख जीसीसी ४.२.१ अशी देतो. म्हणजे आवृत्ती विचारणाऱ्या कोडला आजचा क्लँगही अतिशय जुना जीसीसी वाटतो. आवृत्ती विचारू नका, फ्लॅग चालवून बघा. ऑटोकॉन्फची सगळी रीतच या विचारावर उभी आहे आणि तो विचार आजही बरोबर आहे.

भाषाही पाहा. सी आणि सी++ यांचे फ्लॅग वेगवेगळे असतात. -डब्ल्यूस्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स सीसाठी आहे. जी++ ला दिला की ‘सीसाठी चालतो, सी++ साठी नाही’ अशी वॉर्निंग येते. तपासणी सीमध्ये करून तोच फ्लॅग सीएक्सएक्सफ्लॅग्जमध्ये (सी++ च्या फ्लॅगांच्या व्हेरिएबलमध्ये) टाकला की हीच वॉर्निंग फाइलीगणिक येते. दोन्ही भाषांसाठी स्वतंत्र तपासणी करा. ऑटोकॉन्फमध्ये त्यासाठी एसी_लँग_पुश आणि एसी_लँग_पॉप आहेत.

४. तुमचेच सीफ्लॅग्ज आड येत आहेत का?

सगळ्याच गोष्टींना ‘नो’ येत असेल तर मी सर्वांत आधी सीफ्लॅग्ज या (सी कंपायलरला द्यायच्या फ्लॅगांच्या) व्हेरिएबलमध्ये -डब्ल्यूएरर, म्हणजे प्रत्येक वॉर्निंगला एरर ठरवणारा फ्लॅग, शोधतो. वापरणाऱ्याने तो कॉन्फिगरच्या आधी एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवला असेल तर तो प्रत्येक चिमुकल्या प्रोग्रॅमलाही लागतो. हे प्रोग्रॅम स्वच्छ कोडचे नमुने नसतात. उदाहरणार्थ, एखादं फंक्शन लिंक होतं का हे बघताना ऑटोकॉन्फ त्या फंक्शनची मुद्दाम खोटी घोषणा करतं: परत मिळणारा प्रकार कॅर, कंसात कुठलंही आर्ग्युमेंट नाही. कंपायलरला ते फंक्शन आधीच माहीत असेल तर ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर बिल्ट-इन फंक्शन’ अशी वॉर्निंग येते. एरवी निरुपद्रवी. -डब्ल्यूएरर असला की तीच वॉर्निंग एरर बनते आणि जगात सगळीकडे असलेलं फंक्शन ‘नाही’ ठरतं.

फोर्टिफाय_सोर्सचंही असंच. हा सुरक्षेसाठीचा मॅक्रो ऑप्टिमायझेशनशिवाय दिला तर ग्लिबसी ही सीची लायब्ररी तक्रार करते की -ओ हवा. सीफ्लॅग्जमध्ये -ओ२ नसेल, फोर्टिफाय असेल आणि सोबत -डब्ल्यूएरर असेल, तर हेडर घेणारी प्रत्येक तपासणी नापास.

पडताळायला सोपं आहे: सीफ्लॅग्ज, सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज रिकामे करून नव्या फोल्डरात कॉन्फिगर चालवा. उत्तरं बदलली तर दोष तिथेच. उपाय असा की संपूर्ण प्रकल्पासाठीचा -डब्ल्यूएरर कॉन्फिगर संपल्यावर लागला पाहिजे. वापरणाऱ्याने तो मेक चालवताना द्यावा. प्रकल्पाने सगळ्या तपासण्या झाल्यावर वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जमा करून मेकफाइलमध्ये वापरावा. वापरणाऱ्याच्या सीफ्लॅग्जमध्ये प्रकल्पाने ढवळाढवळ करायची नाही. ते व्हेरिएबल त्याचं आहे.

५. खोटा फ्लॅग देऊन बघा

या सगळ्यातली ही माझी सगळ्यात आवडती पायरी, आणि निम्म्याहून अधिक वेळा गाठ इथेच सुटते. रिकामं मेन फंक्शन असलेली एक फाइल बनवा. आता कंपायलरला जगात अस्तित्वात नसलेला फ्लॅग द्या, समजा -डब्ल्यूखोटा-फ्लॅग. सोबत -सी (लहान अक्षरातला सी, ‘फक्त कंपाइल कर’) द्या, म्हणजे लिंकिंग मध्ये येणार नाही. कमांड झाली की एक्झिट कोड छापा.

जीसीसी हा फ्लॅग सरळ नाकारतो. एरर, कोड शून्य नाही. क्लँग मात्र ‘अननोन वॉर्निंग ऑप्शन’ अशी वॉर्निंग देतो आणि कोड शून्य. म्हणजे नुसता एक्झिट कोड बघणाऱ्या तपासणीला क्लँगवर ‘डब्ल्यू’ गटातला कुठलाही फ्लॅग चालतो असंच वाटणार. पहिल्या लक्षणाचं हेच मूळ. मायक्रोसॉफ्टचा सीएल कंपायलरही असाच: अनोळखी पर्यायाला डी९००२ क्रमांकाची वॉर्निंग देतो आणि पर्याय सोडून पुढे जातो.

आता दुसरा प्रयोग. तोच खोटा फ्लॅग नकारार्थी करून जीसीसीला द्या: -डब्ल्यूनो-खोटा-फ्लॅग. या वेळी जीसीसी काहीच बोलत नाही. एररही नाही, वॉर्निंगही नाही, कोड शून्य. ही चूक नाही, मुद्दाम ठरवलेलं वर्तन आहे. नव्या जीसीसीसाठी एखादी वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग लिहिला तर जुन्या जीसीसीवर बिल्ड मोडू नये, म्हणून ४.४ आवृत्तीपासून अनोळखी -डब्ल्यूनो- फ्लॅगकडे तो दुर्लक्ष करतो. फक्त त्या फाइलमध्ये दुसरी एखादी वॉर्निंग किंवा एरर निघाली, तरच त्या अनोळखी फ्लॅगचा उल्लेख करतो. म्हणूनच काही लोकांना हा संदेश चाळीस फाइलींपैकी एकाच फाइलला दिसतो आणि ते त्या फाइलमध्ये दोष शोधत बसतात. फाइलमध्ये दोष नसतो. तिथे फक्त दुसरी वॉर्निंग निघालेली असते.

या दोन प्रयोगांवरून उपाय आपोआप ठरतात.

पहिला: -डब्ल्यूनो- प्रकारचा फ्लॅग कधीही त्याच रूपात तपासू नका. त्याचं होकारार्थी रूप तपासा आणि ते चाललं तर नकारार्थी रूप वापरा. मेसॉनची हॅज_आर्ग्युमेंट आणि गेट_सपोर्टेड_आर्ग्युमेंट्स ही अदलाबदल स्वतः करतात. सीमेकची चेक_सी_कंपायलर_फ्लॅग करत नाही, तिथे ती तुम्हाला करावी लागते.

दुसरा: वॉर्निंगला एरर करा, पण फक्त तपासणीपुरतं. ऑटोकॉन्फ आर्काइव्ह या तयार मॅक्रोंच्या संग्रहातल्या एएक्स_चेक_कंपाइल_फ्लॅग या मॅक्रोचा चौथा आर्ग्युमेंट ‘जादा फ्लॅग’ यासाठीच आहे. तिथे -डब्ल्यूएरर लिहा. बहुतेक कॉन्फिगर.एसी फाइलींत हा मॅक्रो एकाच आर्ग्युमेंटनिशी वापरलेला दिसतो. क्लँगसाठी त्याहून नेमका पर्याय -डब्ल्यूएरर=अननोन-वॉर्निंग-ऑप्शन हा आहे. तो जीसीसीला माहीत नाही आणि जीसीसी त्यावर एरर देतो, म्हणून आधी हाच फ्लॅग चालतो का ते तपासा आणि चालला तरच तो पुढच्या तपासण्यांच्या जादा फ्लॅगमध्ये घाला. एफ गटातले काही फ्लॅग क्लँग ओळखतो पण वापरत नाही आणि ‘आर्ग्युमेंट अनयूज्ड’ म्हणतो; त्यांच्यासाठी -डब्ल्यूएरर=अनयूज्ड-कमांड-लाइन-आर्ग्युमेंट. सीएलसाठी नव्या आवृत्त्यांत /ऑप्शन्स:स्ट्रिक्ट आहे, त्याने अनोळखी पर्याय एरर ठरतो.

काही स्क्रिप्ट एक्झिट कोडऐवजी संदेशात ‘अनरेकग्नाइज्ड’ असा शब्द शोधतात. कंपायलरचे संदेश भाषांतरित होतात, त्यामुळे वेगळ्या लोकॅलच्या (भाषेच्या सेटिंगच्या) मशिनवर तो शब्द सापडतच नाही. अशी तपासणी ठेवायचीच असेल तर एलसी_ऑल=सी लावून चालवा. सीमेकही संदेश तपासतं आणि म्हणूनच तपासणीपुरतं लोकॅल सी करून घेतं.

तिसरा उपाय फार थोडे प्रकल्प करतात आणि तो सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं. तो खोटा फ्लॅग कॉन्फिगर स्क्रिप्टमध्येच कायमचा ठेवा. खऱ्या तपासण्यांआधी त्याची तपासणी करा आणि उत्तर ‘यस’ आलं तर स्क्रिप्ट थांबवा, ‘या कंपायलरवर फ्लॅगची तपासणी भरवशाची नाही’ असा संदेश देऊन. तीन-चार ओळींचं काम आहे. उद्या नवा कंपायलर आला आणि त्याने आणखी वेगळं वर्तन केलं, तर पहिल्याच दिवशी कळेल.

६. कंपाइल होतं म्हणजे लिंक होईलच असं नाही

तपासणी -सी लावून झाली असेल तर लिंकर चालवलाच गेलेला नसतो. अशा वेळी -डब्ल्यूएल, ने सुरू होणारे लिंकरचे फ्लॅग कंपाइलच्या तपासणीत तपासले तर जीसीसी ते निमूट बाजूला ठेवतो आणि उत्तर नेहमी ‘यस’. --अ‍ॅज-नीडेड हा फ्लॅग मॅकओएसचा लिंकर ओळखत नाही, पण हे कळणार मेकच्या अगदी शेवटी. लिंकरच्या फ्लॅगसाठी एएक्स_चेक_लिंक_फ्लॅग, सीमेक ३.१८ पासून चेक_लिंकर_फ्लॅग आणि मेसॉनमध्ये हॅज_लिंक_आर्ग्युमेंट वापरा.

काही फ्लॅग दोन्हीकडे लागतात. मेमरीच्या चुका पकडणारा -एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस कंपाइलला दिला आणि लिंकला दिला नाही तर रनटाइम लायब्ररी जोडली जात नाही. सीमेकच्या तपासणीत तो फ्लॅग सीमेक_रिक्वायर्ड_लिंक_ऑप्शन्समध्येही ठेवावा लागतो. हे व्हेरिएबल ३.१४ पासून आहे. नाही ठेवला तर उत्तर ‘नो’ येतं आणि कंपायलरला सॅनिटायझर येत नाही असा गैरसमज होतो.

आता -एफस्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग घ्या, कारण यात एक बारीक फट आहे. समजा तपासणी लिंकसकट केली. तरीही चिमुकला प्रोग्रॅम म्हणजे रिकामं मेन; त्यात एकही लोकल ॲरे नाही. जपण्यासारखं काही नसल्यामुळे कंपायलर स्टॅकचं संरक्षण करणारा कोड घालतच नाही, त्यामुळे __स्टॅक_सीएचके_फेल या फंक्शनची गरजच पडत नाही आणि ते पुरवणारी लायब्ररी नसली तरी लिंकिंग पार पडतं. उत्तर ‘यस’. खऱ्या प्रकल्पात पहिल्याच ॲरेवाल्या फंक्शनला ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. म्हणून चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये एक कॅर ॲरे घ्या, त्यात बाहेरून आलेला मजकूर कॉपी करा आणि मग परत द्या, म्हणजे ऑप्टिमायझरही तो ॲरे उडवणार नाही. फ्लॅग जे काम करतो, ते काम करायला लावणारा कोड चाचणीत असला पाहिजे.

७. बिल्ड एका मशिनवर, चालवायचं दुसऱ्यावर

क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या प्रकारच्या मशिनसाठी बिल्ड) करत असाल तर तयार झालेला प्रोग्रॅम इथे चालवून बघता येत नाही. एसी_रन_इफएल्स वापरणाऱ्या तपासण्या अशा वेळी एकतर थांबतात किंवा लेखकाने दिलेलं अंदाजाचं उत्तर घेतात. फ्लॅग तपासायला प्रोग्रॅम चालवायची बहुधा गरज नसते. कंपाइल किंवा लिंक पुरतं. सिस्टिमची लायब्ररी अजून तयारच नाही अशा बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या मशिनसाठीच्या) टूलचेनवर लिंकही होत नाही. तिथे सीमेकमध्ये सीमेक_ट्राय_कंपाइल_टार्गेट_टाइप हे स्टॅटिक_लायब्ररी करा. पण मग लिंकरच्या फ्लॅगची सगळी उत्तरं बिनकामाची होतात, हे लक्षात ठेवा.

फ्लॅग लक्ष्य प्रोसेसरवरही अवलंबून असतो. -एफसीएफ-प्रोटेक्शन=फुल एक्स८६वर चालतो; जीसीसीची तीच आवृत्ती एआर्मसाठी असेल तर ‘या टार्गेटला चालत नाही’ अशी एरर देते. म्हणून एका मशिनवरची कॅशे दुसऱ्यासाठी वापरायची नाही.

-एमआर्च=नेटिव्हची तपासणी तर करूच नका. ती जवळजवळ कायम ‘यस’ येते, कारण प्रश्न ‘बिल्ड करणारा प्रोसेसर ओळखता येतो का’ एवढाच असतो. प्रोग्रॅम ज्या मशिनवर चालणार ती जुनी असेल तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ ठरलेलीच. हा फ्लॅग वापरणाऱ्याने स्वतः मागितला तरच लागावा.

८. स्क्रिप्ट नव्याने तयार करा

इथवर काही सापडलं नाही तर कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतःच जुनी असू शकते. क्लँग १६ ने २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने २०२४ मध्ये घोषणेशिवाय फंक्शन वापरणं आणि प्रकार न लिहिता इंट गृहीत धरणं या गोष्टी वॉर्निंगवरून एररवर नेल्या. सी९९ मानकाने त्या १९९९ मध्येच काढून टाकल्या होत्या, पण जुन्या स्क्रिप्टमधले कितीतरी चिमुकले प्रोग्रॅम स्टडआयओ.एच न घेता प्रिंटएफ वापरतात, किंवा नुसतं ‘मेन’ लिहून सुरू होतात. आधी वॉर्निंग देऊन पास होणाऱ्या या तपासण्या आता नापास होतात, आणि सुरुवातीला सांगितलेलं ते न दिसणारं लक्षण इथूनच येतं. जुन्या आणि नव्या कंपायलरने कॉन्फिगर चालवून दोन्ही कॉन्फिग.एच फाइलींमधला फरक काढा. जी ओळ विनाकारण बदलली तिची तपासणी लॉगमध्ये वाचा.

ऑटोकॉन्फने लिहिलेल्या तपासण्या ऑटोरीकॉन्फ -एफआय चालवून सुधारतात, कारण नवं ऑटोकॉन्फ नवा कोड लिहितं. प्रकल्पाने हाताने लिहिलेल्या तपासण्या मात्र कॉन्फिगर.एसीमध्ये जाऊन हातानेच दुरुस्त कराव्या लागतात. ऑटोरीकॉन्फनंतर सिंटॅक्स एररमध्ये एएक्स_ चं नाव दिसलं तर ऑटोकॉन्फ आर्काइव्ह मशिनवर नाही. मॅक्रोचा विस्तार न होता नाव जसंच्या तसं शेल स्क्रिप्टमध्ये उतरलं आहे. पॅकेज बसवा, किंवा त्या मॅक्रोची एम४ फाइल प्रकल्पाच्या एम४ फोल्डरात ठेवा. कॉन्फिगर.एसीच्या सुरुवातीला एम४_पॅटर्न_फॉर्बिड वापरून एएक्स_ ने सुरू होणारी नावं निषिद्ध केली, तर ही चूक वापरणाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच पकडली जाते.

तयार झालेली कॉन्फिगर फाइल हाताने दुरुस्त करू नका. पुढच्या ऑटोरीकॉन्फला तुमची दुरुस्ती पुसली जाईल.

कुठे थांबायचं

स्क्रिप्ट पूर्ण बाजूला ठेवून, कुठलाही फ्लॅग न देता, रिकामं मेनसुद्धा कंपाइल किंवा लिंक होत नसेल तर दोष स्क्रिप्टचा नाही. ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ हा संदेश आणि लॉगमध्ये ‘इंटर्नल कंपायलर एरर’ किंवा सीआरटी१.ओ सापडत नसल्याची तक्रार असेल तर सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला किंवा टूलचेन देणाऱ्याला बोलवा. सिस्टिमच्या फोल्डरात स्वतः लायब्ररी कॉपी करू नका. त्यातून होणारे घोळ महिनोन्‌महिने निस्तरावे लागतात.

फ्लॅग एबीआय (कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी कसे जुळतात त्याचे नियम) बदलणारा असेल, जसे -एमफ्लोट-एबीआय किंवा -एफशॉर्ट-एनम्स, तर तपासणी पास झाली म्हणून तो लावू नका. अर्ध्या लायब्ररी एका पद्धतीने आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीने बिल्ड झाल्या की चुका चालू प्रोग्रॅममध्ये, चुकीच्या आकड्यांच्या रूपात निघतात. ते त्या प्लॅटफॉर्मची माहिती असणाऱ्या माणसाचं काम.

सुरक्षेसाठीचा फ्लॅग ‘नो’ येतो आहे आणि प्रोग्रॅम इतर लोकांना द्यायचा आहे, अशा वेळी उत्तर जबरदस्तीने ‘यस’ करणं किंवा फ्लॅग काढून टाकणं हे दोन्ही निर्णय एकट्याने घेऊ नका. सुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे ठेवा.

आणि प्रकल्प दुसऱ्याचा असेल तर सहाव्या पायरीपर्यंत जे सापडलं ते घेऊन देखभाल करणाऱ्याकडे जा. सोबत तीन गोष्टी द्या: कंपायलरच्या --व्हर्जनचा पूर्ण मजकूर, कॉन्फिगर ज्या कमांडने चालवलं ती कमांड, आणि लॉगमधला त्या एका तपासणीचा तुकडा, ‘चेकिंग’पासून ‘रिझल्ट’पर्यंत. खोट्या फ्लॅगचा निकालही कळवा. देखभाल करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. संपूर्ण कॉन्फिग.लॉग जाहीरपणे टाकायचा असेल तर आधी वरचा भाग वाचून घ्या. त्यात मशिनचं नाव, पाथमधली सगळी फोल्डरं आणि बरेचदा तुमचं युजरनेमही असतं.